कमी फेसाची पावडर

माझ्या धाकट्या नणंदेला तिचा नवरा आमच्याकडे सोडून गेला, तेव्हा तिच्या पाठभर इसब उठलं होतं. आम्ही राहुरीला, विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये राहायचो. "बरी झाली की कळवा," एवढंच म्हणून तो चहासुद्धा न घेता शेवगावला परत गेला.

इसब दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. फक्त हिचे कपडे गरम पाण्यात धुवा, नीट खळबळा, म्हणाले. पण धुणंवाल्या बाई तिच्या कपड्यांना हात लावेनात. शेवटी माझ्या नवऱ्यानं नगरहून पाणी तापवणारं, समोरून दार उघडणारं वॉशिंग मशीन आणलं.

त्यात आम्ही घरातलीच पावडर टाकायचो, तिच्या कपड्यांना जरा जास्तच. गोल काच फेसानं भरून जायची. फेस बघून बरं वाटायचं. खाज मात्र वाढत चालली. दुपारी ती भिंतीला पाठ घासत उभी राहायची, आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर यायचं टाळायचे.

एके दिवशी तिनं दोरीवरचा वाळलेला गाऊन काढला आणि साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून पिळला. पाणी गढूळलं, वर फेस आला.

"वहिनी, हा धुतलेलाच आहे ना?"

आम्ही दोघी त्या बादलीकडे बघत राहिलो. पावडर सगळी कपड्यातच राहत होती.

नगरच्या दुकानात चौकशी केल्यावर अशा मशीनची कमी फेसाची पावडर मिळाली. ती बेतानं टाकायची आणि कपडे दोनदा खळबळायचे, असं आम्ही ठरवलं. हळूहळू तिची पाठ सुकली. डाग तेवढे राहिले.

दिवाळीनंतर माझा नवरा तिला सासरी घेऊन गेला. सासू दारातच आडवी उभी राहिली. "आता बरी हाय, पन परत उठलं मंग? घरात लहान लेकरं हायेत." तिच्या नवऱ्याच्या चपला बाहेर होत्या, पण तो काही बाहेर आला नाही.

"दादा, चल," ती म्हणाली. संध्याकाळी दोघं परत आले.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केल्याचं कळलं. मला वाटलं, आता ही कोसळणार. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तिला सांगितलं असेल का हो वहिनी, मला का सोडलं ते?" तिनं विचारलं.

तिनं पुढचा टॉवेल उचलला.