जातो म्हणायचं नाही

माझ्यावर या जगात कुणाचे उपकार असतील तर ते ठाण्याच्या आमच्या इंग्रजी शाळेतल्या हेडमास्तरांचे. काय झालं ते मग सांगतो. आधी हे सांगितलं पाहिजे की इतका विक्षिप्त माणूस ठाण्याच्या खाडीच्या अलीकडे झाला नाही आणि पलीकडे, पार कल्याणपर्यंत, व्हायचं लक्षण नाही. त्यांचं एका शब्दाशी हाडवैर होतं. तो शब्द म्हणजे 'जातो'. आता घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याकडे सगळ्यांच्याच आया शिकवतात, आणि पोरगं विसरलं तर 'असं बोलू नये रे' म्हणून सोडून देतात. हेडमास्तर सोडून देणारे नव्हते. वर्गातून पाणी प्यायला उठलेला मुलगा चुकून 'जातो' म्हणाला तर त्याला परत बसवत, पुन्हा उठवत, आणि 'येतो' म्हटल्यावरच पाणी मिळे. शिपायाला ते 'पोस्टात जाऊन या' असं कधी म्हणत नसत. 'पोस्टातून या' म्हणत. शिपाई म्हातारा आणि तोंडाळ होता. तो पागोटं सारखं करत म्हणे, "रावसाहेब, तिथून येतो, पण मला तिथं आधी नेऊन कोण सोडणार?"

इंग्रजी व्याकरणात 'गो, वेन्ट, गॉन' शिकवायची वेळ आली म्हणजे तर मोठीच पंचाईत होई. हे एक क्रियापद शिकवायला ते शेजारच्या वर्गातून दुय्यम मास्तरांना बोलावून आणत आणि स्वतः व्हरांड्यात जाऊन उभे राहत. आतून 'गॉन' ऐकू आलं की उपरण्याचं टोक कानावर धरत. दुय्यम मास्तर हाडाचे सरळ गृहस्थ. एकदा आम्ही त्यांना विचारलं, "मास्तर, हे असं का हो? त्यांच्या घरी काही झालं होतं का?" ते म्हणाले, "काही झालेलं नाही. माणसाला एकेक खोड लागते. मला तपकीर लागली, त्यांना हे." आणि शिंकले.

मी मिठागरावर काम करणाऱ्याचा मुलगा. आमच्या बोलीत 'येतो' नाही, 'येतंव' म्हणतात. शाळेतल्या पहिल्या दिवशी सुटीची घंटा झाली तेव्हा मी हात जोडून "येतंव, मास्तर" म्हणालो आणि सगळा वर्ग खो खो हसला. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. हेडमास्तरांनी टेबलावर छडी आपटली. "हसताय काय? याचं फार तर व्याकरण चुकलं असेल. तुम्ही चौघं आत्ता 'जातो' म्हणालात, तुमचं नशीब चुकेल. बसा खाली. पुन्हा निघा." त्या चौघांना त्या दिवशी सहा वेळा निघावं लागलं. तेव्हापासून मला शाळेत कुणी हसलं नाही, आणि मीही हेडमास्तरांकडे पाहिल्याशिवाय कधी निघालो नाही.

या खोडीनं एकदा शाळा बुडायची वेळ आली होती. गोरा इन्स्पेक्टर तपासणीला आला. वर्ग पाहिले, फळा पाहिला, प्रसन्न झाला. निघायला टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला. आता आपल्याकडे पाहुणा निघाला की त्याला 'जा' कोण म्हणतं? 'या' म्हणतात. हेडमास्तरांनी आठ दिवस आधीपासून आमच्याकडून याचं इंग्रजी घोटून घेतलं होतं. आम्ही पन्नास जण एका आवाजात ओरडलो, "कम, सर!" साहेब खाली उतरला. आमच्यापर्यंत चालत आला आणि म्हणाला, "येस?" आम्ही हात जोडले. तो पुन्हा टांग्याकडे वळला, पायरीवर पाय ठेवला. "कम, सर!" साहेब पुन्हा उतरला. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा त्याचं तोंड उकडलेल्या चिंबोरीसारखं लाल झालं होतं. शेवटी दुय्यम मास्तरांनी पुढं होऊन "गुड बाय, सर" म्हटलं म्हणून टांगा हलला. हेडमास्तरांना मात्र परमानंद झाला होता. "पाहिलंत? या म्हटलं की माणूस येतो. तीनदा आला!" दुय्यम मास्तर हळूच म्हणाले, "आता शेऱ्यात काय येतं ते बघायचं."

दरवर्षी मॅट्रिकचा वर्ग परीक्षेसाठी मुंबईला निघाला की आदल्या दिवशी हेडमास्तर त्यांना आशीर्वादाचं भाषण करत. भाषण दरवर्षी तेच. आम्ही खालच्या वर्गातली मुलं खिडकीला लटकून ते ऐकत असू. 'विद्यार्थीहो!' अशी सुरुवात. मग बोरीबंदरला उतरल्यावर डावीकडच्या भज्यांकडे पाहू नये, टाक दोन न्यावेत, शाईच्या दौतीचं बूच दातानं काढू नये. मग आवाज चढे. "विद्यार्थीहो, आपली भाषा पाहा! गणित येतं. संस्कृत येतं. झोप येते, राग येतो, तापसुद्धा येतो. माणसाच्या वाट्याचं जे जे आहे ते येतं. तेव्हा पास व्हा, नापास व्हा, मुन्सफ व्हा की मामलेदार, पण या." मग ते दुय्यम मास्तरांकडे वळत. दुय्यम मास्तर उठून दरवर्षी एवढंच म्हणत, "माझाही तोच आशीर्वाद," आणि बसत. त्यानंतर एकेक मुलगा पाया पडून 'येतो' म्हणे. मी सहा वर्षं खिडकीत लटकून माझी पाळी कधी येते याची वाट पाहिली.

ती आली नाही. मॅट्रिकच्या वर्गात बसून तीन महिने झाले असतील नसतील, मिठाच्या पाण्यानं बापाच्या पायाची जखम चिघळली आणि तो जो अंथरुणाला लागला तो लागलाच. पाठच्या तीन बहिणी. शाळा सोडल्याशिवाय इलाज नव्हता. मी दोन दिवस तोंड लपवून राहिलो. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वतः धोतर वर खोचून, मिठागराच्या बांधावरून तोल सावरत आमच्या दारात आले. त्यांचा एक जुना विद्यार्थी कराचीच्या गोदीत बडा कारकून होता. त्याला त्यांनी पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं होतं, माझी जागा ठरली होती. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मास्तर, कराची म्हंजे कवढं लांब?" ते म्हणाले, "बाई, कुठल्याही जागेवरून परत यायला सारखंच लांब असतं." आईला ते कळलं नाही. मलाही तेव्हा नाही कळलं.

ठाण्याच्या स्टेशनावर आई, मी आणि एक वळकटी. गाडीला थोडा वेळ होता. पाहतो तो हेडमास्तर लाल पागोटं घालून येताहेत, मागं दुय्यम मास्तर. हेडमास्तर माझ्यासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "विद्यार्थीहो!" मी मागं वळून पाहिलं. मागं एक कोळीण टोपली घेऊन बसली होती, दुसरं कुणी नाही. सबंध भाषण झालं. भज्यांसकट झालं. दोन टाक, दौतीचं बूच, गणित येतं, संस्कृत येतं. ज्याला आता कुठलीच परीक्षा नव्हती त्याला त्यांनी पेपर कोरा सोडू नये हेसुद्धा सांगितलं. हमाल जमले, कोळीण म्हणाली, "मास्तर लय भारी बोलतंय, पन कुनाला?" हेडमास्तर दुय्यम मास्तरांकडे वळले. दुय्यम मास्तर म्हणाले, "माझाही..." आणि पुढचं त्यांना येईना. त्यांनी तपकिरीची डबी काढली.

आता माझी पाळी होती. मी पाया पडलो, डब्यात चढलो, आणि तोंडातून 'येतो' निघेना. बापाचा पाय मला दिसत होता, बहिणी दिसत होत्या. मी कसला येतो? आणि हेडमास्तरांशी खोटं बोलायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. गाडी हलली. ते खिडकीबरोबर चालू लागले. "म्हण रे. नुसतं म्हण." आई म्हणाली, "बोल ना रं पोरा." मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "जातो, मास्तर."

ते थांबले. मला वाटलं आता छडी आपटणार. त्यांनी कानावर उपरणं घेतलं नाही, रागावले नाहीत. पागोट्याला हात लावला आणि मला, मिठागरावरच्या पोराला, जे साहेबाला म्हणायला लावलं होतं तेच म्हणाले, "या."

त्याला दोन वर्षं झाली. कराचीत मी दिवसभर बारदानांवरचे आकडे उतरून काढतो. संध्याकाळी खाऱ्या वाऱ्याला मिठागराचा वास येतो आणि जेवण गोड लागत नाही. बाप गेला, हा शब्द लिहिताना हात थांबला, पण दुसरा कोणता लिहू? रजा मागितली ती गोदीच्या साहेबानं नाकारली. पुढंही मिळेल असं वाटत नाही. माझ्या बाकावरच्या मित्राचं पत्र आलं होतं. आमच्या वर्गाला निरोप दिला त्या दिवशी सगळ्यांचं 'येतो' म्हणून झालं तरी हेडमास्तर उठेनात. माझ्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. दुय्यम मास्तर म्हणाले, "झालं की हो सगळ्यांचं." तेव्हा म्हणाले, "एकाचं राहिलंय. आल्यावर म्हणेल." आता ते पेन्शनीत निघालेत, अंथरुणाला खिळलेत, डोळ्यांना नीट दिसत नाही. दारात कुणी आलं की विचारतात, "कोण आलं?"

मी पत्र लिहायला किती वेळा बसलो. पण कागदावरचं 'येतो' त्यांना चालत नाही हे मला ठाऊक आहे. ते दारात उभं राहूनच म्हणायचं असतं. मास्तर, तुमचे उपकार फेडायला माझ्याकडे एवढा एकच शब्द आहे, आणि तो मी तेव्हा चुकवला. मी दारात येईन तोवर तुम्ही तेवढं... ते क्रियापद मी लिहीत नाही. मी तुमच्या ओटीवर बसेन, पाणी पिईन, उठेन आणि आमच्या बोलीत नीट 'येतंव' म्हणेन. निघताना तेवढं म्हणायला तरी मला एकदा यावंच लागेल.