नांदेडला ताटं पडली

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो आणि शेडच्या कोपऱ्यात आईनं एक उतरंड रचून ठेवली होती. खाली पितळी परात, परातीत पालथा तांब्या, त्याच्यावर पेला, त्याच्यावर वाटी आणि वाटीत एक चमचा. जमीन जरा हलली की हे सगळं परातीत कोसळणार आणि आम्ही बाहेर पळणार, अशी योजना. गावातल्या प्रत्येक शेडमध्ये अशी उतरंड होती. मांजराचं शेपूट लागलं तरी ती पडायची. मग अख्खी वस्ती बाहेर, मग एकमेकांवर चिडचिड, मग मांजराचा उद्धार, आणि मग सगळे परत आत. पण पुढच्या वेळी मांजरच असेल असं समजून कुणी आत बसून राहिलं नाही.

आमचं गाव लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेला. गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि त्या पहाटे अर्धं गाव खाली आलं. आमच्या घरातले सगळे वाचले. गल्लीतल्यांचं मी आजही नीट सांगू शकत नाही. मी पहिल्यापासून कुंभकर्णाची बहीण. आईनं धाकट्याला उचललं, मला हाका मारल्या, मी कूस बदलली. शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला वेणीला धरून ओढत बाहेर आणलं. मागे भिंत पडली तेव्हा मी झोपेतच त्यांच्यावर ओरडत होते, केस दुखतात म्हणून.

त्यानंतर अण्णा बदलले. गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालणारा माणूस, पण झोपायच्या वेळी गप्प व्हायचा आणि माझी बाज दाराजवळ ओढायचा.

मी नववीत होते आणि शाळेच्या खो-खोच्या संघात होते. शाळासुद्धा पत्र्याचीच, पण मैदान तेच जुनं. इतर मुलींना खेळ का आवडायचा ते त्यांना माहीत. मला मैदान आवडायचं, कारण तिथं डोक्यावर काही नव्हतं. आमचे खेळाचे सर उदगीरचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या शिवणकाम, आणि हेच एक मशीन सोडून मैदानात आलेले. मराठी बोलता बोलता ते दखनीत घसरायचे. "बेटा, पाव हल्का रखो," एवढंच त्यांचं शास्त्र. त्या शास्त्रावर आम्ही तालुका जिंकला, जिल्हा जिंकला आणि नांदेडला जायची वेळ आली. तिथं जिंकलो तर थेट राज्याला.

नेमकं तेव्हाच अण्णांना लातूर दिसायला लागलं. गुणवत्ता यादीत आलेल्या पोरांचे फोटो पेपरात यायचे, खाली शिकवणीचं नाव, आणि अण्णा दुकानातल्या गिऱ्हाइकाला कापड दाखवायचं सोडून ते फोटो दाखवायचे. माझी मावशी लातुरात राहायची. तिच्या घराशेजारची एक गल्लीच्या गल्ली शिकवण्यांनी भरून गेली होती. सायकल लावायला जागा मिळत नाही, असं ती कौतुकानं सांगायची. अण्णांनी ठरवलं, दहावीला मला मावशीकडे ठेवायचं.

"आन् खो-खो?" मी विचारलं.

"नांदेडला जिंकलात तर खेळ पुढं. हरलात तर बास. दहावीत पळून कोन डाक्टर झालंय?"

मी तोंड फुगवलं, जेवले नाही, ताट आपटलं. ताटाच्या आवाजानं शेजारची दोन घरं बाहेर पळाली. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. अण्णांची अट मात्र जागची हलली नाही.

नांदेडला अण्णा आमच्याबरोबरच आले. सांगितलं असं की, शहरात माल बघायचा आहे. माल बघायला गेले नाहीत. मैदानाच्या कडेला मांडव होता, तिथं पाहुण्यांच्या खुर्च्यांत जाऊन बसले आणि शेजारच्याला "ती, लांब वेणीची" असं माझ्याकडे बोट करून दाखवू लागले. मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

अंतिम सामना नांदेडच्याच एका शाळेशी होता. त्यांच्या मुली उंच, अंगात एकसारखे कपडे. आमच्यात निम्म्या मदतीत आलेल्या टी-शर्टात. पण पळायला आम्ही कमी नव्हतो. शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. आता पळायचं आम्ही आणि पकडायचं त्यांनी. खो-खोत तिघी-तिघींची तुकडी आत उतरते. अंगाला हात लागला की बाद, आणि पाठलागाच्या धास्तीनं रेषेबाहेर गेली तरी बाद. आमची तुकडी आत होती. दोन मिनिटं उरली होती आणि मला हात लावण्याचं कुणाच्या बापाच्यानं होत नव्हतं. मी इतकी खुशीत होते की खांबाजवळून हुलकावणी देताना मी चक्क हसले.

तेवढ्यात मांडवामागे जेवणाची ताटं पडली.

स्टीलच्या ताटांची चळत होती, शंभर तरी असतील. कुणाचा तरी धक्का लागला आणि ती सगळी एकदम फरशीवर कोसळली. नांदेडच्या मुलींनी माना वळवून बघितलं, पंचांनी कपाळाला आठी घातली, बाकीचे जागचे हलले नाहीत. आम्ही मात्र पळालो. आत असलेल्या आम्ही तिघी पळालो, बाहेर सतरंजीवर बसलेल्या नऊजणी पळाल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. मैदानाच्या पार टोकाला, जिथं झाड नाही की भिंत नाही, तिथं जाऊन आम्ही बाराजणी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिलो. मागे वळून बघितलं तर सगळं जागच्या जागी. मांडव उभा, शाळा उभी, माणसं आमच्याकडे बघताहेत.

मैदानाच्या मधोमध, नांदेडच्या बसलेल्या मुलींच्या रांगेत, अण्णा उभे होते. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, टोपी कुठंतरी पडलेली. ते गोल फिरून मला शोधत होते. एका उंच मुलीची वेणी त्यांनी हातात धरली होती आणि ती बिचारी मान तिरकी करून तशीच बसून होती. माझी नसल्याचं ध्यानात आल्यावर त्यांनी ती सोडली.

जमीन हलली नव्हती. मला रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही. आमच्यातली एक खाली बसून मातीला हात लावून बघत होती. जीव वाचल्याचा तो आनंद होता आणि त्या क्षणी मला सामना आठवलासुद्धा नाही.

सर शांतपणे चालत आमच्यापाशी आले. "खुल्ले मैदान में क्या गिरता बेटा?" ते म्हणाले. "आसमान?" मग त्यांनीच वर बघून घेतलं.

पंच भला माणूस होता. त्यानं घड्याळ थांबवलं, आम्हाला पाणी प्यायला दिलं. पण रेषेबाहेर म्हणजे बाद, तिघीही बाद, तीन गुण समोरच्यांना. अण्णा टोपी झटकत त्याच्याकडे गेले.

"साहेब, पोरी भाईर गेल्या, कबूल. पण म्या तर आत आलो न्हवं? परका मानूस आत आला म्हंजी खेळ थांबला का न्हाई?"

"काका, तुम्ही आलात तेव्हा आत तुमची एकही मुलगी नव्हती," पंच म्हणाला.

अण्णांनी टोपी डोक्यावर घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हुज्जत अर्ध्यावर सोडली. उरलेली दोन मिनिटं आमची पुढची तुकडी एकही गडी न गमावता पळाली, पण काय उपयोग. एका गुणानं हरलो. जेवताना त्याच ताटांत वरण-भात वाढला, तो मी मुकाट्यानं गिळला. माझी चूक मला कळत होती आणि ती परत केली असती हेही कळत होतं. त्याचाच राग येत होता.

दुपारच्या एसटीत अण्णा माझ्याशेजारी बसले. लोहा गाव मागे पडलं, ते तिकिटाची घडी घालत-उलगडत होते. मी खिडकीतून ज्वारी बघत मनात बोलायची तयारी करत होते. सकाळी उठून अभ्यास करीन, गणितात पैकीच्या पैकी आणीन, फक्त संध्याकाळचा एक तास. वाक्य जुळवायचे आणि पुसायचे. अहमदपूरला गाडी थांबली. सगळे उतरले. अण्णांनी दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला.

"अण्णा, खो-खो..." मी सुरुवात केली.

"लातूरला जायचं हाय तुला," ते म्हणाले. "शिकवनी लावलीच पायजे."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

"मावशीचं घर सिमेंटचं हाय. तरीबी मला झोप लागत नव्हती. म्हटलं, तिथं ही झोपंल ढाराढूर, आन् वेनी धराया मी नसंन." त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. "आज बघितलं म्या. मांडवातून जीव खाऊन पळालो, बाय. तुझ्यापत्तुर पोचलोच न्हाई. माझ्या आधी भाईर व्हतीस तू."

मी माझी वेणी पुढं ओढून घेतली.

"तवा शिकवनी लाव," त्यांनी चहा एका घोटात संपवला. "पन पळनं सोडलंस, तर त्याच दिवशी घरी घिऊन यीन."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी चाकूरच्याही पुढं गेल्यावर अण्णांची मान माझ्या खांद्यावर आली. भूकंपानंतर माझ्याआधी ते झोपलेले मी पहिल्यांदाच बघत होते. गाडी खड्ड्यात आदळत होती, पत्रे खडखडत होते, आणि ते जागे झाले नाहीत.