ओल्गाआजी, आई आणि अस्वल

क्लिनिक छोटं असलं की किस्से फार साठतात. पेशंट कमी आणि कॉफी भरपूर, दुसरं काय होणार? २००४ साली फ्रीमाँटची नोकरी सोडून मी अलास्कात एका तळ्याकाठच्या क्लिनिकचे कंप्युटर सांभाळायला गेलो. गाव देनाइना लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं. मी रत्नागिरीचा. त्यामुळे बहुतेक किस्से माझ्यावरच बेतलेले.

* * *

आमचा ड्रायव्हर वॉल्टर एकदा बंदूक घेऊन मूसच्या शिकारीला निघाला. मूस म्हणजे तिकडचं घोड्याहून थोराड हरीण. मी मागून ओरडलो, "मूस घेऊनच ये रे, एक तंगडी माझी!"

वॉल्टर परत फिरला आणि बंदूक कपाटात ठेवली. म्हणाला, "मी नुसता फिरायला चाललो होतो. आता तेही कॅन्सल."

शिकारीची बढाई जनावराला कळते आणि मग ते समोर येत नाही, असं तिथे मानतात. निघालेल्या माणसाला आपणही 'कुठे' म्हणून विचारत नाही. मीच अक्कल गहाण टाकली होती.

* * *

वॉल्टरची आई, ओल्गाआजी, क्लिनिकात स्वयंपाक करायची. एकदा मी सॅल्मनचे काटे कचऱ्यात टाकले. तिने ते वेचून माझ्या हातात दिले.

"तळ्यात सोडून ये. काटे पाण्यात गेले नाहीत तर पुढच्या वर्षी मासा परत कसा येईल?"

"आजी, बोनलेस आला तर माझी काही हरकत नाही."

कोणी हसलं नाही. मी मुकाट्याने तळ्याकडे गेलो.

* * *

मग रत्नागिरीहून माझी आई राहायला आली. मला धास्ती एकच, अस्वलांची. तिला एकटीने बाहेर पडायची बंदी केली. तिने माझं ऐकलं, म्हणजे एकटी गेली नाही, ओल्गाआजीबरोबर ब्लूबेरी तोडायला गेली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

दोघी टेकडीवर गेल्यात आणि तिथे अस्वल दिसलंय, हे वॉल्टर धावत सांगायला आला. टेकडीवर पोचलो तर झुडपापलीकडे अस्वल दोन पायांवर उभं. ओल्गाआजी हळू आवाजात देनाइनात त्याच्याशी बोलत होती. ती थांबली की आई मराठीत बोलायची. अस्वलाने दोघींचं ऐकून घेतलं, मग ते चार पायांवर आलं आणि पाठ फिरवून निघून गेलं.

मी आईला मिठी मारली. लहान मुलासारखा रडलो म्हटलं तरी चालेल. मग ओल्गाआजीला विचारलं, "काय म्हणालीस त्याला?"

"म्हटलं, आम्ही दोन म्हाताऱ्या बायका. थोडंसंच घेतलंय, बाकी सगळं तुमचंच आहे. आता निघतो."

"आणि आई, तू काय म्हणालीस?"

"तेच."

"अगं, पण ती काय बोलली ते तुला कुठे कळलं?"

बादली उचलत आई म्हणाली, "अस्वलाच्या घरी येऊन दुसरं काय बोलणार?"