शनच्या आधी हातोडा

तुकडेमामा जमिनीवर बसल्याशिवाय इंग्रजी वाचत नसत. मूळचे साकोलीकडचे शेतकरी, शिक्षण मराठी चौथी. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा ते फिटर म्हणून आले. यंत्र खोललं की भाग ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं गोणपाटावर मांडायचे, ही फिटरची रीत. मामांनी ती इंग्रजीलाही लावली. रुआबांधा वस्तीतल्या आपल्या खोलीत ते खडूनं शब्दाचे तुकडे फरशीवर मांडत. मामी करवादत, "हे घर हाय का वर्कशॉप? पोळपाट कुठी ठेवू मी?"

'इंटरचेंजेबिलिटी' त्यांनी माझ्यासमोर खोलला. "इंटर म्हंजे आपसात, चेंज म्हंजे बदल, एबल म्हंजे होऊ शकते, इटी म्हंजे पना. एवढंच तं हाय बाबूजी, कावून भेता?" मी भीत नव्हतो, मी कारखान्यातला बी.ए. झालेला कारकून होतो. शब्द मला पाठ होता. अर्थ त्या दिवशी कळला.

शब्दावर जोर कुठं द्यायचा, तेही ते बोटानं ठोकून शोधत. "शेवटी शन आला का हातोडा त्याच्या आंधी. प्रॉडक्शन, एज्युकेशन, पाहा म्हनून. अन् खोलनं कोनालेबी येते. जोडून चालू करन तो फिटर."

चार्जहँडच्या, म्हणजे फिटरांच्या टोळीवरच्या मुकादमाच्या, तोंडी परीक्षेत मामा दोनदा नापास झाले होते, दोन्हीदा इंग्रजी शब्दांवर. ही तिसरी संधी शेवटची. कारकून म्हणून टिपणं घ्यायला मी हजर होतो. परीक्षा घेणारे साहेब पाणी मागतानाही लांब शब्द शोधणारे. त्यांनी यंत्राच्या पुस्तिकेतून एक शब्द टाकला, "डिमॅग्नेटायझेशन," आणि 'मॅग'वर असा जोर दिला की दौत हलली.

मामा खुर्चीवरून उठले आणि थेट फरशीवर बसले. खिशातून खडू निघाला. मी डोळे मिटले.

"डि म्हंजे काढनं. मॅग्नेट म्हंजे चुंबक. आयझ म्हंजे करनं, शन म्हंजे ते काम. लोखंडातलं चुंबकपन काढून टाकाचं काम, साहेब."

"ठीक है, जाइए."

मामा हलले नाहीत. "जोडाचं राहिलं, साहेब." एका दमात त्यांनी अख्खा शब्द म्हटला; जोर बरोब्बर शनच्या आधी. मग अदबीनं, "तुमचा हातोडा मॅगवर पडला होता."

साहेबांनी शब्द पुटपुटून पाहिला. तिसऱ्यांदा त्यांनाही जमला. ते हसले आणि मला म्हणाले, "लिखो. पास."

चार्जहँड झाल्यावर पहिल्याच दिवशी मामांनी हाताखालच्या प्रत्येक माणसाला एकेक खडू दिला. मलाही दिला, मी त्यांच्या हाताखाली नसताना. तेव्हापासून सभेत कुणी लांब शब्द फेकला की मी तो मनातल्या मनात खोलतो. पुष्कळदा आत काहीच निघत नाही.