वल्ह्याने ढवळलेला पाक

मोरूभाऊंना पहिल्यांदा पाक करताना पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. माजिवड्याच्या खाडीकडच्या अंगाला, कोळ्यांच्या जुन्या घरांमागे, तीन दगडांवर एक भलामोठा टोप चढवलेला, आणि सत्तरीचा हा माणूस त्यात होडीचं वल्हं घालून साखर ढवळत होता.

"कुणाचं लग्न काढलंत?" मी विचारलं.

"लग्न नाय, बाई. पोरीच्या माश्यांची पंगत हाय," ते म्हणाले.

त्यांची वर्षाली माझी विद्यार्थिनी. मी निवृत्त होऊन समोरच्या टॉवरमध्ये राहायला आले आणि दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची माझी जुनी खोड मला रोज त्यांच्या मागच्या दारी नेऊ लागली. खाडीत मासळीऐवजी काळा गाळ यायला लागला तशी मोरूभाऊंनी होडी विकली होती. वल्हं मात्र विकलं नाही. वर्षालीने ऑफिसातली नोकरी सोडून मधमाश्या पाळायचं शिक्षण घेतलं, कांदळवनाच्या कडेला पेट्या मांडल्या आणि रिकाम्या बसलेल्या बापाला कामाला लावलं. पूर्वी जाळी रंगवायचा हा टोप तिने त्यांच्याकडून चिंच आणि राख लावून इतक्यांदा घासून घेतला, की शेवटी ते म्हणाले, "आता यात मलाच उकड, वास राहिला असेल तर माझाच."

पावसाळ्यात माश्यांना फुलं मिळत नाहीत. पाऊस थांबत नाही तेव्हा त्या बाहेरही पडत नाहीत. मग पेटीतच त्यांना साखरेचा पाक ठेवावा लागतो. वर्षालीचे नियम कडक होते. साखर पांढरीच हवी. पाणी तापलं की आच कमी करायची, मग साखर घालून ढवळत राहायचं. करपलेला पाक माश्यांना बाधतो, तो ओतून द्यायचा. गार झाल्याशिवाय पेटीत ठेवायचा नाही. मोरूभाऊ कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं. मग वाट्यांत पाक आणि त्यावर काड्या, माश्या बुडू नयेत म्हणून. एवढी साखर ढवळणारा हा माणूस स्वतः चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचा. गोडाचं त्यांना वावडंच होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत वर्षाली काविळीने गेली. सव्वीस वर्षांची पोर. मला त्यावर चार शहाणपणाचे शब्द लिहिता येत नाहीत, आणि जे तेव्हा घरी येऊन बोलून गेले त्यांचा मला अजून राग येतो.

तिची आई भागीरथी गुडघ्यांनी अधू. ती मागच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि पेट्यांकडे कान लावून असायची. "गुणगुण येते तोवर पोर घरात हाय," असं म्हणायची. पुढचा पावसाळा लागला तेव्हा नवराबायकोने एकच गोष्ट मनावर घेतली होती, पाऊस सरेपर्यंत वर्षालीच्या माश्या जगवायच्या. मोरूभाऊ तिच्या नियमांनी टोपच्या टोप पाक करत होते आणि माश्या जगतही होत्या.

मग नारळी पौर्णिमा आली. त्यांच्या घरची रीत अशी, की गुळाचा नारळीभात झाला की पहिलं ताट घरातल्यांना नाही, घर पोसणाऱ्याला. पूर्वी ते होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळीपुढे जायचं. होडी गेल्यावर वर्षाली ते पेट्यांपुढे ठेवायची आणि नमस्कार करून परत आणायची. भागीरथी दारातून बघायची, तिला वाटायचं माश्यांना घास मिळाला.

त्या वर्षी ताट न्यायला वर्षाली नव्हती. भागीरथीने गुळाची अख्खी ढेप नवऱ्यापुढे ठेवली. "पाकात घाला. पोरीमागची पयली पुनव हाय. तिच्या माश्या गोडाबिगर राहतील?"

"साखर काय कडू हाय?" मोरूभाऊ म्हणाले.

"साखर रोजचीच. सणाचा गूळ."

ती रडायला लागली तेव्हा त्यांनी गूळ फोडला. मी तिथेच होते. तो लालसर पाक मला खीर वाटावी इतका सुरेख दिसला.

दुसऱ्या दिवसापासून झड लागली ती थांबेचना. उघडीप झाली तेव्हा पेट्यांच्या तोंडाशी मेलेल्या माश्यांचा खच होता आणि आत चौकटींवर तपकिरी ओघळ. वर्षालीबरोबर शिकलेली कल्पिता टिटवाळ्याहून आली. तिने वाटीतला उरलेला पाक बोटाने चाटला.

"काका, गूळ घातलेला? अहो, त्यांना पचत नाही तो. हगवण लागते. त्यात पावसामुळे बाहेर पडता आलं नसणार."

मोरूभाऊंनी हातातलं वल्हं भिंतीला टेकवलं. मग आम्हा दोघींना म्हणाले, "भागीला यातलं काय बोलू नका. पोर गेली तरी ती उठून बसली. हे कळलं तर नाय उठायची."

ते मागच्या दारी गेले. मी मागोमाग.

"माश्या मेल्या गो," ते म्हणाले. "मी पाक करपवला. ध्यान नव्हतं."

भागीरथीला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "आणि माझा गूळ?"

"तो घातलाच नव्हता."

"मग गेला कुठं?"

"मी खाल्ला."

"तुमी? गूळ?"

"पोर गेल्यापासून गोड खावासा वाटतो."

भागीरथी त्यांना जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. लेकीची एवढी एक वस्तू सांभाळता आली नाही, इथपासून सुरुवात होती. ते मान खाली घालून ऐकत राहिले. माझ्या जिभेच्या टोकावर खरं आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळलं. मला गप्प बसणं जमत नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल.

यंदाच्या पौर्णिमेला त्यांनी मला जेवायला बोलावलं. मोरूभाऊंनी पहिलं ताट रिकाम्या पेट्यांपुढे ठेवून परत आणलं. भागीरथी नारळीभात वाढता वाढता मला म्हणाली, "यांनी माझा गूळ घातला असता ना बाई, तर जगल्या असत्या. पोरीच्या नावाचा घास होता तो."

मी मोरूभाऊंकडे पाहिलं.

"हो," मोरूभाऊ म्हणाले. "चुकलंच माझं."

आणि त्यांनी पान पुढे सरकवलं. "वाढ अजून थोडा. गूळ आवडतो मला."