माझ्या खुर्चीतली मुलगी

परदेशी शिकायला जायचं ठरलं तेव्हा मी सुरतेच्या कापड मार्केटमधल्या एका साडीच्या पेढीत मुख्य डिझायनर होते. हाताखाली चार-पाच मुलं-मुली. त्यांनी संगणकावर काढलेली प्रिंट माझ्यासमोर यायची, मी पल्लू भरायला सांगायची, गुलाबी जरा फिका करायला सांगायची आणि मग म्हणायची, "पास." माझ्या तोंडून तो शब्द निघाल्याशिवाय मीटरभर कापडही मशीनवर चढत नसे. डिंडोलीतल्या आमच्या घरी याचं मोठं कौतुक. वडिलांचा जन्म लूमवर उभं राहण्यात गेलेला, आणि त्यांची मुलगी एसीत बसून कापडावर काय उमटायचं ते ठरवत होती.

निघताना शेठ म्हणाले, "बेन, खुरशी तमारी ज छे. भणीने पाछा आवो." शिकून परतले की खुर्ची माझीच, असा शब्द दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्या खुर्चीत त्यांनी माझ्या हाताखालच्या मुलीला बसवलं. ती सुरतेतल्याच गोडादऱ्याची, आमच्यासारखीच खानदेशातून आलेल्या घरातली. तिला कामाला मीच लावलं होतं.

इंग्लंडात डिझाइनच्या वर्गात बहुतेक सगळे माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. शिकवणारी बाईसुद्धा माझ्याहून लहान. तिने पहिल्याच आठवड्यात संगणक बंद करायला लावले आणि हातात पेन्सिल दिली. दुसऱ्याच्या चित्रात काय चुकलंय ते मला लांबून दिसायचं, पण स्वतःच्या कोऱ्या कागदावर काय काढायचं ते सुचेना. बाई माझ्या टेबलापाशी यायची, "हं" म्हणायची आणि पुढे जायची. ते "हं" माझ्या ओळखीचं होतं. मीही सुरतेत तसंच म्हणायची.

म्हणून दुपारच्या सुट्टीत मी ऑफिसला फोन लावायची. सुरुवातीला ती मुलगी आतुरतेने बोलायची. "ताई, बॉर्डर हिरवी ठेवू की काळी?" मी सांगायची आणि त्या जोरावर माझी दुपार निघायची. हळूहळू तिचे प्रश्न कमी झाले. मग मीच विचारायला लागले, "सध्या काय चाललंय?" ती म्हणायची, "चाललंय ताई, मस्त. तुमचं कसं आहे?" मागे कोणीतरी तिला हाक मारायचं आणि ती घाईत फोन ठेवायची. पूर्वी ती हाक मला असायची.

एका रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. अंगावर मोरपंखी जॉर्जेटची साडी, त्यावर बारीक पांढरी फुलं, पल्लूवर ती दाटत गेलेली.

"कशी दिखस?" आईने उभं राहून दाखवलं. "तुन्हा ऑफिसनी शे. गल्लीमा बठ्ठास्नी लिधी."

"गल्लीत सगळ्यांनी? कोणी काढली?"

"तुन्ही जागावर जी पोर शे ना, तिन्ही."

मी आईला कॅमेऱ्याजवळ यायला सांगितलं. छापलेली नक्षी जिथे पुन्हा सुरू होते तिथे सांधा दिसतो का ते बघत होते. सापडला नाही. रंग भडक आहे का? नव्हता. "बरी आहे," मी म्हटलं.

मी काढलेल्या साड्याही आई नेसली होती, पण मी आणून दिलेल्या. ही तिने स्वतः दुकानात जाऊन, चार साड्या उलगडायला लावून निवडली होती. फोन ठेवल्यावर माझा असा जळफळाट झाला की मला जेवण गेलं नाही. ती मुलगी मला मुद्दाम कमीपणा आणतेय, असंही मनात येऊन गेलं. तिने माझं काय वाईट केलं होतं? काही नाही. त्यामुळे राग आणखीच येत होता.

सुट्टीत घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी मार्केटला गेले. सगळ्यांनी गलका केला, चहा आला. ती खुर्चीतून उठली, पाया पडली, मला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. तेवढ्यात एका मुलाने नव्या प्रिंटचा तुकडा आणून टेबलावर ठेवला. मी सवयीने हात पुढे केला. तुकडा उजेडात धरून म्हटलं, "हा पिवळा जरा..."

"ताई," ती हळूच म्हणाली, "ते पास झालंय."

तिने अगदी आदराने तो माझ्या हातातून घेतला. मुलगा तिच्याकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. मी चहा संपवला. लिफ्टमध्ये शेठ भेटले. त्यांनी अभ्यासाची, तिकडच्या थंडीची चौकशी केली. खुर्चीचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर रडू आलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि गाणं बंद केलं.

परत गेल्यावर मी ऑफिसला फोन करणं थांबवलं. दुपार रिकामी पडली, म्हणून वर्गातल्या पोरांबरोबर कॅन्टीनमध्ये बसायला लागले. ती सगळी जेवता जेवता कागदाच्या रुमालांवर काहीबाही काढत बसायची आणि बिघडलं की खुशाल फेकून द्यायची. त्यांचाही मला हेवा वाटायचा. चुकायला त्यांना कोणाचीच भीती नव्हती. एकीने माझ्यापुढे रुमाल सरकवला. "तू काढ." मी आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या काढल्या. वेड्यावाकड्या आल्या. ती मोठ्याने हसली, मग मीही हसले.

त्याच मिरच्या पुढे मी मोठ्या कागदावर घेतल्या. शिकवणारी बाई माझ्या टेबलापाशी आली आणि या वेळी थांबली. एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "एवढं खरं आहे. बाकीचं पुन्हा कर."

मी नवा कागद घेतला.