फोटोतले शब्द

दुपारी नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीत बेकरीतल्या गरम बिस्किटांचा वास पसरला, की मी मनानं नारायणगुड्याच्या जुन्या ऑफिसात जाऊन पोचतो. तिथं पडद्यांतून पिवळा उजेड झिरपायचा, संगणक मंद गुणगुणायचे आणि बशीत हीच बिस्किटं असायची.

आमच्या सॉफ्टवेअरची मदत-पुस्तिका पहिल्यांदाच संगणकावर यायची होती. छापील पुस्तकासारखी दिसावी म्हणून मी पानं स्कॅन करायला लावली. माझ्या हाताखालच्या शोभा वाघमारे म्हणाल्या होत्या, "सर, हे नुसते फोटो होतात. फोटोतला शब्द शोधता येत नाही."

"पण दिसतंय किती देखणं, बघा तर!" मी हसून म्हणालो.

मालक बघायला आले. त्यांच्या सांगण्यावरून शोभाताईंनी शोधाच्या चौकटीत 'पासवर्ड' टाइप केलं. काहीच सापडलं नाही. मग 'प्रिंटर'. तेही नाही.

"क्या मॅडम, इत्ती मोटी किताब, एक लफ्ज नै मिलता?" मालक म्हणाले. "ये किसने पसंद किया?"

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीतला चुरा बोटानं टिपत राहिलो.

त्यांचं गप्प राहणं मालकांना कबुली वाटली, आणि मी ती तशीच वाटू दिली. त्यांची नोकरी गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तो क्षण आता किती संथ, किती लांबलेला दिसतो. शोभाताई मला बोलायला वेळ देत होत्या.

ती फोटोंची पानं मी निवडली होती. त्यांनी आधीच नको म्हटलं होतं.